आठ आण्यांचे आठ आणे

कोकिळाबाईंना काहीही विचारा, उत्तर आण्यांत यायचं. वर्गात पोरी किती आल्या? "दहा आने." फळा पुसून झाला का? "चौदा आने झाला, कोपरा राह्यला." घरी अनंतराव कसे आहेत? "आज सहा आने." यात पैशांचा काही संबंध नाही, हे बाहेरगावच्या माणसाला आधी समजावून सांगावं लागे. सोळा आणे म्हणजे पुरतं, अख्खं. आठ आणे म्हणजे निम्मं, चार आणे म्हणजे पाव. तेव्हा आमच्या बऱ्हाणपुरात सगळेच थोडंफार असं बोलायचे, मीसुद्धा. पण आम्ही बोलण्यापुरतं बोलायचो. कोकिळाबाई त्यातच विचार करायच्या, आणि तिथेच सगळा घोळ होता.

त्या जवळच्या बहादरपूरच्या. वडील सुपडू पाटील, कपाशी-ज्वारीचे शेतकरी. दरवर्षी पीक उभं असताना पटवारी बांधावर यायचा, डोळ्यांवर हात धरून रान न्याहाळायचा आणि सांगायचा, यंदा दहा आणे, यंदा सात आणे. त्यावर शेतसारा सुटायचा किंवा बसायचा. पटवारी गेला की घरी तेच सुरू व्हायचं. आजीची तब्येत आण्यांत, बैलाची चाल आण्यांत, पावसाची झड आण्यांत. कोकिळाबाईंना पाव आणि पाऊण या गोष्टी मुळाक्षरांच्या आधी कळल्या. पुढे सातवी झाली, लग्न होऊन त्या शहरात आल्या. अनंतराव कापसातली सरकी काढायच्या एका जिनात कारकून होते. दोघांना मूलबाळ झालं नाही. घरात बसून करायचं काय, म्हणून मुलींच्या मराठी शाळेत पहिलीचा वर्ग धरला, तो धरला तो धरलाच. बावीस वर्षं पहिली. शिकवण्याचं ट्रेनिंग नाही म्हणून नोकरी तात्पुरती. बावीस वर्षं तात्पुरती! याला काय म्हणावं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

मी त्या शाळेत लागले तेव्हा अनंतरावांना लकवा मारून दोन वर्षं झाली होती. उजवी बाजू गेलेली, जीभ जड. जिनाची नोकरी तर पहिल्या महिन्यातच सुटली. तेव्हापासून घर कोकिळाबाईंच्या पगारावर. सकाळी उठून नवऱ्याचं सगळं आवरायचं, म्हणजे सगळंच. मग स्वयंपाक करून गावाबाहेरच्या लालबागहून चालत शाळेत यायचं. पन्नास पोरींच्या पाट्या तपासायच्या, शेंबूड पुसायचे, भांडणं सोडवायची. दुपारी शेजारच्या भागाबाई अनंतरावांना पाणी पाजून जायच्या तेवढीच मदत. संध्याकाळी पुन्हा तेच उलट्या क्रमानं. मी वयानं त्यांच्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान, अंगात रग होती, तरी शाळा सुटली की मला गादी दिसायची. या बाईंना कुठे काय दिसायचं देव जाणे. कधी बसलेल्यासुद्धा मी पाहिल्या नाहीत. जेवायच्या सुट्टीतही खिडकीला टेकून उभ्यानं खायच्या. "बसली का उठवत नाही मंगला," म्हणायच्या.

मग छप्पन साली राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, आमची राजधानी भोपाळ झाली. लोकांनी भाषणं केली, हार घातले. आमच्या शाळेत त्याचा अर्थ एवढाच, की नागपूरला मराठीत जाणारे कागद आता भोपाळला हिंदीत जायला लागले. अपूर्णांकाचा 'भिन्न' झाला, छेदाचा 'हर' झाला. पुढच्या एप्रिलात नवे पैसे आले. शंभराचा हिशेब आला, आणे जाणार असं ठरलं. कोकिळाबाई म्हणाल्या, "मंगला, हे तं माह्यं डोकंच काढून न्यायले निघाले वं." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

सत्तावनच्या दिवाळीनंतर वरून हुकूम आला. ज्यांचं ट्रेनिंग झालेलं नाही त्या सगळ्या शिक्षकांनी परीक्षा द्यायची, तीही हिंदीतून. लेखी पेपर आणि शिवाय 'पाठ'. पाठ म्हणजे खांडव्याला जाऊन परक्या वर्गापुढे उभं राहायचं आणि चिठ्ठीत निघेल तो धडा परीक्षकासमोर शिकवून दाखवायचा. पाठात नापास तो सगळ्यात नापास. आणि जो नापास, त्यानं नव्या सत्रापासून शाळेत यायचं नाही. आमच्या हेडमास्तरीण मालतीबाई यांनी हुकूम वाचून दाखवला तेव्हा कोकिळाबाई उभ्याच होत्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "गनित कोन्या वर्गाचं?"

"चौथीपर्यंतचं."

"मंजी अपूर्नांक आले."

"आले."

मालतीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझं नॉर्मल स्कूल, म्हणजे शिकवण्याचं ट्रेनिंग, झालेलं, चौथीचा वर्ग माझ्याकडे, आणि घरी मला लेकरूबाळ नाही, सासू नाही. म्हणजे माझी रविवारची दुपार बाईंच्या घरी शिकवण्यात जाणार हे मला न विचारताच ठरलं. मी चिडले. माणूस चांगला असला म्हणून त्याला शिकवणं सोपं असतं असं नाही.

हिंदीचं काही अडलं नाही. आमच्या गावात हिंदी कोणाला येत नाही? बाजाराची आणि पुस्तकाची हिंदी वेगळी, पण पाठ करून भागण्यासारखं होतं. अडलं गणितात.

आधी मला वाटलं, अडणारच नाही. अपूर्णांकांची वजाबाकी मी सांगायच्या आत त्यांनी केली. पाऊणातून अर्धा वजा? "बारा आन्यातून आठ गेले, चार राह्यले, पाव." पाच अष्टमांशातून तीन षोडशांश? मी पाटीवर मांडून दिलं, त्यांनी बोटांवर मोजलं. "दहातून तीन, सात आने." म्हणजे सात षोडशांश. मी छेद सारखा करायची रीत शिकवायला बसले होते. बाईंनी ती केव्हाच आपल्या घरी नेऊन ठेवली होती. आण्यांत घालायचं, वजा करायचं, परत बाहेर काढायचं. तृतीयांश आला की मात्र "पाच आने अन् वर थोडं" असं व्हायचं, तेवढी रीत मी बसवून घेतली. तरी मी खूष. म्हटलं, चार रविवारांत सुटू.

मग गुणाकार आला.

"अर्धा गुणिले अर्धा," मी म्हटलं.

बाईंनी पाटी घेतली. आठ आणे, आठ आणे. आठ आठे चौसष्ट. सोळा चोक चौसष्ट. पाटी माझ्यासमोर धरली. "चार."

"चार काय?"

"चार. अख्खे चार. चौसष्ट आने मंजी चारच ना?"

"अहो बाई, अर्ध्याला अर्ध्यानं गुणून चार कसे येतील?"

"गुनलं ना? मंग वाढनारच." त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "बावीस वर्षं पोरींले हेच सांगत आली मी. वजा केलं का कमी व्हतं, गुनलं का वाढतं."

मी समजावलं, पुन्हा समजावलं. आवाज चढला. आतून अनंतराव खोकले तेव्हा खाली आणला. मग फडक्यातली भाकरी काढली, अर्धी केली, अर्ध्याची अर्धी केली, पुढ्यात ठेवली. "हे बघा. अर्ध्याचा अर्धा. किती झाला? पाव. झाला की नाही?"

त्यांनी तुकडा पाहिला. "झाला. पन ही तं वाटनी झाली. याच्यात तू गुनलं काय?"

याचं उत्तर, खरं सांगायचं तर, मला आजही पटकन सुचणार नाही. त्यांनी तिन्ही तुकडे गोळा करून फडक्यात नीट बांधले, कारण ती भाकरी अनंतरावांच्या संध्याकाळच्या जेवणाची होती.

मी म्हटलं, जाऊ दे, समजून काय करायचंय, घोका. वरच्याला वरचा आकडा, खालच्याला खालचा. एक गुणिले एक एक, दोन गुणिले दोन चार, एक चतुर्थांश. त्या घोकायच्या, बरोबर करायच्या. आणि मग ताळा बघायच्या. ताळा कशानं? आण्यांनी. आठ आठे चौसष्ट, सोळा चोक चौसष्ट, चार. झालं! मग बोट ओलं करून बरोबर आलेलं उत्तर पुसायच्या आणि चार लिहायच्या. पाऊण गुणिले अर्धा, तीन अष्टमांश आलं, पुसलं, सहा लिहिलं. आण्यांनी त्यांना जन्मात कधी फसवलं नव्हतं. वजाबाकीत तर ते दर वेळी बरोबर ठरत होते. पुस्तकातली रीत काल आलेली, आणि तीही हिंदीतून. कोणावर विश्वास ठेवतील?

पौष गेला, माघ आला. मी रविवारी लालबागच्या रस्त्याला लागले की आधीच दमलेली असायचे. एकदा तर मी मालतीबाईंना सांगून टाकलं, यांच्यानं होणार नाही, उगाच बाईंना आशा लावू नका. मालतीबाई म्हणाल्या, "मग ते दोघं खातील काय, मंगला?" पुढच्या रविवारी गेले.

त्या दिवशी पाटी-बिटी काही काढलेली नव्हती. थंडीनं अनंतरावांचा हात आखडला होता आणि बाई तेल कोमट करून खाटेशी वाकून चोळत होत्या. ते खाटेवर डोळे मिटून पडलेले. मी दाराशी पाटावर बसले. बोलायचं म्हणून विचारलं, "पहिल्यापेक्षा बरं आहे का?"

"लकवा झाला तव्हा वैद्य म्हनले व्हते, आठ आने सुधरतीन," बाई चोळता चोळता म्हणाल्या. "सुधरले बी व्हते आठ आने. काठी घेऊन मोरीपर्यंत जात व्हते, तुले आठवत असंन. पन या थंडीनं त्या आठ आन्याचेबी आठ आनेच राह्यले."

"म्हणजे आता किती?"

"चार आने, अन् काय."

मी जागच्या जागी सरळ झाले. "बाई, काय म्हणालात? पुन्हा म्हणा."

"काय?"

"आठ आण्यांचे आठ आणे, किती?"

"चार आने म्हनलं ना."

"अर्ध्याचा अर्धा पाव. हाच तो, बाई! हाच गुणाकार!" मी ओरडलेच. आपण कुठे बसलोय, कोणासमोर काय बोलतोय, याचं मला भान राहिलं नाही. कोकिळाबाईंचा हात थांबला. त्या अनंतरावांच्या हाताकडे बघत राहिल्या, तेलानं चकाकणाऱ्या, आतल्या बाजूला वळलेल्या बोटांकडे.

मग त्या म्हणाल्या, "मंग याले गुनाकार कायले म्हनतात वं?"

मला वाईट वाटलं. इतकं, की उठून निघून जावंसं वाटलं. पण त्यांनीच कोनाड्यातली पाटी ओढून घेतली. आठ आठे चौसष्ट. तिथे मी हात धरला. म्हटलं, थांबा, हे चौसष्ट कशाचे? अख्ख्याचे सोळा भाग केले तर एकेक आणा. इथे आपण आण्याचेही पुन्हा सोळा भाग केले, कारण आण्यांचे आणे काढतोय. तेव्हा हे चौसष्ट आणे नव्हेत. आण्याचे बारके बारके तुकडे आहेत चौसष्ट. सोळा तुकड्यांचा एक आणा. मी हे घरी रात्रभर विचार करून आणलं होतं वगैरे काही नाही. बोलता बोलताच मलाही ते पहिल्यांदा कळत होतं. नॉर्मल स्कूलात आम्हाला 'वरच्याला वरचा' एवढंच सांगितलं होतं आणि आम्ही विचारलं नव्हतं.

बाईंनी सोळानं भागलं. चार. त्यापुढे त्यांनी हळूच 'आणे' असं लिहिलं. "मंजी आकडा बरोबर व्हता," त्या म्हणाल्या. "मी चार आन्याले चार अख्खे म्हनत व्हती."

"हो."

"अन् येतच व्हतं म्हन मले हे. घरात रोजच चालू आहे."

आनंद वगैरे काही दिसला नाही त्यांच्या तोंडावर. पाटी परत कोनाड्यात ठेवली, वाटीतलं तेल पुन्हा कोमट करायला चुलीशी गेल्या. त्या दिवसानंतर मात्र त्यांचा एकही गुणाकार चुकला नाही. दोन तृतीयांश गुणिले तीन चतुर्थांशसुद्धा. तिथे आण्यांचं चालत नाही हे त्यांनी आपणहून सांगितलं, पुस्तकाच्या रीतीनं केलं, अर्धा काढला आणि तो पुसला नाही.

परीक्षा होळीनंतर होती. बायकामाणसानं एकटीनं खांडव्याला जायचं नाही म्हणून मी सोबत. पहाटेच्या गाडीनं निघालो. भागाबाई दिवसभर अनंतरावांपाशी बसायला कबूल झाल्या होत्या, पण बाई त्यांना सोडून जायच्या आधी न्हाऊ घालून, चादरी बदलून, वरण-भात झाकून आल्या होत्या. म्हणजे त्या झोपल्या कधी, हे मी विचारलं नाही. गाडीत जागा असूनही दाराशी उभ्या. मी म्हटलं, बसा हो. म्हणाल्या, "इथं वारा लागतो, डोये उघडे राहतात."

सकाळी पेपर झाला. बाहेर येऊन म्हणाल्या, "बारा आने." म्हटलं, पुष्कळ झालं. दुपारी पाठ. एका शाळेच्या व्हरांड्यात रांग लागली होती. एका डब्यात चिठ्ठ्या होत्या. बाईंनी उचलून उघडली आणि मला दाखवली. त्यात लिहिलं होतं, 'भिन्नों का गुणा.'

म्हणजे अपूर्णांकांचा गुणाकार, नेमका तोच. त्यांनी चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली आणि वर्गात गेल्या.

मला आत जाऊ देणार नव्हते. मी खिडकीशी उभी राहिले. चौथीच्या पोरी, खांडव्याच्या, चुणचुणीत. मागच्या बाकावर परीक्षक. चष्मा, टोपी, मांडीवर कागद, चेहऱ्यावर सकाळपासून पंधरा पाठ पाहिल्याचा कंटाळा. त्या दिवशी त्या इमारतीत न दमलेलं कोणी होतं असं मला वाटत नाही, पोरी सोडून.

बाईंनी सुरुवात बरी केली. रोटीचं उदाहरण घेतलं. हिंदी आमच्या बाजाराची होती पण वाहती होती. "आधी रोटी है. उसकी आधी करनी है." मग म्हणाल्या, तुम्हाला आणे येतात ना, आण्यांत करून बघू. फळ्यावर लिहिलं, आठ आणे. गुणिले आठ आणे. चौसष्ट. सोळानं भागले. आणि मग मोठ्या, स्वच्छ अक्षरात, अर्धा गुणिले अर्धा बरोबर असं लिहून त्यापुढे चार लिहिला. नुसता चार. मोठ्यानं म्हणाल्याही, "चार." पोरींनी वह्यांत चार लिहून घेतला.

मी खिडकीचे गज घट्ट धरले. आठवडेच्या आठवडे घासलं होतं आम्ही त्या चारावर! परीक्षकांनी मान वर केली, फळा पाहिला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. संपलं, मी म्हटलं. घर गेलं यांचं. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. कोणावर ते सांगता येणार नाही. त्या आण्यांवर, भोपाळवर, थंडीवर.

कोकिळाबाई खडू हातात धरून फळ्याकडे बघत उभ्या होत्या. मी त्यांची पाठ पाहत होते. किती वेळ गेला सांगता येत नाही, पण पोरी चुळबुळायला लागल्या इतका गेला. त्यांनी फडकं उचललं. पुसणार, असं वाटलं. पण त्यांनी फडकं परत ठेवलं आणि वर्गाकडे वळल्या.

"लड़कियों, आधी रोटी थी. उसकी भी आधी करी. तो क्या चार रोटी हो गई?"

पोरी हसल्या. पुढच्या बाकावरची एक म्हणाली, "नहीं बाई, फिर तो सब रोज आधी-आधी करते बैठेंगे!" सगळा वर्ग खिदळला.

"हाँ ना? तो ये चार आया कहाँ से? ये चार काहे का है?"

एकीनं वहीत डोकं घातलं, दुसरीनं बोटं मोजली. खिडकीकडच्या एका काळ्यासावळ्या पोरीनं हात वर केला. "बाई, चार आना. आने का आना किया ना, तो आना ही आएगा. रोटी नहीं आएगी."

बाईंनी चारापुढे 'आना' लिहिलं, त्याखाली एक चतुर्थांश. आणि मग पुस्तकाची रीत, वरच्याला वरचा, खालच्याला खालचा, आणि तेच उत्तर. घंटा झाली.

आम्ही व्हरांड्यात पाणी पीत होतो तेव्हा ते परीक्षक दुसऱ्या एका परीक्षकाशी बोलत गेले. अगदी जवळून. "उस बुरहानपुर वाली शिक्षिका को देखा? जान-बूझकर पहले गलत उत्तर लिखा, फिर बच्चों से ही पकड़वाया. ऐसी युक्ति तो ट्रेनिंग वालों को भी नहीं सूझती."

कोकिळाबाईंनी तोंडाचा पेला खाली घेतला. त्या वळल्या, काहीतरी बोलणार, तेवढ्यात मी त्यांचं कोपर असं दाबलं की पेल्यातलं पाणी सांडलं.

"काही बोलायचं नाही," मी दात आवळून म्हटलं.

"पन मी चुकली व्हती वं," त्या म्हणाल्या. "मुद्दाम कायले लिहीन? उभ्या-उभ्या डोया लागला व्हता माह्या. हातानं आपला आपून चार लिहिला."

"असू द्या."

"हे खोटं नाही का मंग?"

"तुम्ही कुठे काय बोललात? त्यांना जे वाटायचं ते वाटू द्या. पोरींना कळलं ना?"

"कयलं वाटते."

"मग झालं." मी त्यांना जवळजवळ ओढत स्टेशनावर आणलं. परतीच्या गाडीतही त्या दाराशीच उभ्या होत्या.

निकाल जुलैत आला, शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाल्यावर. तोवर दर सकाळी त्या पहिलीच्या वर्गाच्या दाराशी येऊन आधी मालतीबाईंच्या खोलीकडे बघायच्या आणि मगच आत जायच्या. निकाल आला तो शनिवार होता. अर्ध्या दिवसाची शाळा सुटून त्या घरी गेल्या होत्या. मालतीबाईंनी कागद वाचला आणि मला हाक मारली. पास! लेखीत काठावर, पण पाठात सगळ्या केंद्रात वरचे गुण. नोकरी कायम. मालतीबाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, तूच जा आणि सांग. आणि हेही सांग, की सोमवारपासून चौथीचा वर्ग त्यांच्याकडे. अपूर्णांक त्यांच्याइतके चांगले कोणी शिकवत नाही असं खांडव्याहून लिहून आलंय, मग त्यांना पहिलीत कशाला ठेवायचं? चौथी म्हणजे दुप्पट वह्या, शिवाय बोर्डाच्या परीक्षेची तयारी, संध्याकाळचा जादा तास. पण मान होता तो, आणि मीच तो वर्ग आनंदानं सोडणार होते.

मी रस्त्यात पेढे घेतले आणि लालबागपर्यंत जवळजवळ पळतच गेले. बाई अनंतरावांना कुशीवर वळवून पाठीमागे उशी लावत होत्या. मी दारातूनच ओरडले, "पास झालात! कायम झालात, बाई!"

त्यांनी उशी नीट लावली. अनंतरावांचं डोकं सावरलं. मग म्हणाल्या, "बरं."

"बरं काय? अहो, पाठात पहिल्या आलात!"

त्या दाराशी आल्या, माझ्या हातातला पुडा घेतला, आणि मी त्यांना ओळखत होते त्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदा, माझ्यासमोर खाली बसल्या. जमिनीवर, भिंतीला पाठ टेकवून, पाय लांब करून. पुडा मांडीवर तसाच.

"मंगला, तुले खरं सांगू?" आवाज खाली आणून, खाटेवर ऐकू जाणार नाही असा. "मले वाटे, नापास व्हईन. मनातून वाटे का व्हावं. पोटाचं काय झालं असतं ते झालं असतं. पन मंग मले कोनी म्हनू शकलं नसतं का कोकिळा कायले बसली म्हनून. बसली असती आपली."

मला राग आला पहिल्यांदा, इतके रविवार घातले, इतकं केलं, आणि ही बाई म्हणते नापास व्हावंसं वाटत होतं! तो राग ओठांपर्यंत आला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांचे डोळे मिटले होते. मान एका बाजूला झुकली होती, तोंड किंचित उघडं. बोलता बोलता झोपल्या होत्या. बाहेर लख्ख दुपार होती, चूल पेटायची राहिली होती.

खाटेवरून घशातला आवाज आला. अनंतराव माझ्याकडे बघत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. डावा हात उचलून, तळवा खाली करून, त्यांनी मला खूण केली. उठवू नका.

मी पेढ्यांचा पुडा बाईंच्या मांडीवरून उचलून वर ठेवला, दार लोटलं आणि परत आले. चौथीच्या वर्गाचं मी सोमवारी सांगितलं.